घरगुती कारणास्तव

"काही घरगुती कारणास्तव मध्यंतरी चौदा महिने मी काम करू शकले नाही."

हे वाक्य मी एकोणीस अर्जांत लिहिलं आहे. इंग्रजीत लिहिलं, मराठीत लिहिलं, एकदोनदा त्यात "अपरिहार्य" हा शब्दही घातला, तो वजनदार दिसतो म्हणून. वाक्य माझं नव्हतं. चंद्रपूरच्या एका वर्गात ते फळ्यावर लिहून दिलं होतं आणि आम्ही तीसेक जणांनी वहीत उतरवून घेतलं होतं.

मी लॅब टेक्निशियन आहे. रक्त काढते, काचेवर पसरते, सूक्ष्मदर्शकाखाली बघते आणि जे दिसेल ते लिहिते. आणि मला सिकलसेल आहे. वाहक नव्हे, पूर्ण. आमच्या भागात हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. सरकारी दवाखान्यातून कार्ड मिळतं, वाहकाला पिवळं, माझ्यासारखीला लाल. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग हाडं दुखतात. किती दुखतात ते मी इथं लिहायला बसत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडे आमच्या बौद्ध मोहल्ल्यांत आणि गोंडांच्या गावांत हे दुखणं ओळखीचं आहे. ओळखीचं आहे, पण बोलायचं नाही.

आमचं गाव मूल तालुक्यात, जंगलाच्या कडेला. बाबा गावचे डाकसेवक. घराच्या पुढच्या खोलीतच पोस्ट होतं: एक टेबल, वजनकाटा, शिक्का आणि लोखंडी पेटी. माय शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. माझ्या पाठीवर एक बहीण. तिचं कार्ड पिवळं.

डिप्लोमा दोन वर्षांचा होता, मला तीन लागली. पास झाल्यावर चंद्रपूरच्या एका लॅबमध्ये वर्षभर काम केलं. मग उजव्या खुब्याचं हाड गेलं. तिथपर्यंत रक्त पोचत नव्हतं म्हणून ते आतून झिजलं होतं. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं, त्यानंतर घरी खाट, कुबड्या, मग काठी. सगळे मिळून चौदा महिने. काठी सुटली तेव्हा माझी जागा भरलेली होती. त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. कोणी चौदा महिने लॅब बंद ठेवत नाही.

मग मी नोकरी मिळवायला शिकवणाऱ्या त्या वर्गात नाव घातलं. पंधरा दिवसांचा वर्ग, शिकवायला पुण्याकडच्या एक मॅडम. त्यांनी अर्जासोबतचं पत्र कसं लिहायचं ते नीट शिकवलं. पत्र एका पानाच्या वर जाऊ द्यायचं नाही. कोणत्या जागेसाठी लिहिता ते पहिल्याच ओळीत सांगायचं. "मी मेहनती आहे" असं लिहायचं नाही, मेहनत केली ती एक गोष्ट सांगायची. ज्या ठिकाणी पाठवता त्या ठिकाणाबद्दल एक तरी वाक्य असं हवं, जे दुसरीकडे पाठवता येणार नाही. हे सगळं मला आजही बरोबर वाटतं.

शेवटच्या दिवशी त्या म्हणाल्या, "गॅप दिसला की वाचणारा शंका घेतो. त्याला शंका घेऊ द्यायची नाही."

मी विचारलं, "आजारपण असेल तर?"

"आजारपण लिहायचं नाही. घरगुती कारण लिहायचं. प्रत्येकाच्या घरी काहीतरी असतंच."

आणि त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं.

अर्ज मी मूलला एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये टाइप करून घ्यायची. तिथल्या भाऊंकडे एक तयार फाइल होती. नाव बदलायचं, पद बदलायचं, प्रिंट काढायची. एकदा पद बदलायचं राहिलं आणि नागभीडच्या एका लॅबला माझ्या नावानं वाहनचालकाच्या जागेचा अर्ज गेला. त्यांच्याकडून उत्तर आलं नाही. पण बरोबर पद लिहिलेल्या आधीच्या सतरांनाही उत्तर आलं नव्हतं, म्हणून मी भाऊंवर रागावले नाही.

एकोणिसावा अर्ज चंद्रपूरच्या एका लॅबला गेला होता. तिथून बोलावणं आलं. टेबलामागे मालक बसले होते आणि बाजूला त्यांचा हिशेब-व्यवहार पाहणाऱ्या एक बाई. मालकांनी माझा कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि बोट त्या वाक्यावर ठेवलं.

"घरगुती कारण म्हणजे? लग्न झालं होतं का?"

"नाही."

"मग मोडलं का?"

"झालंच नाही तर मोडेल कसं?"

ते हसले नाहीत. मी आत येताना त्यांनी माझी चाल पाहिली होती. "पायाले काय झालं?"

"पडली होती." हे दुसरं खोटं. पहिलं कागदावर होतं, त्याला सांभाळायला हे तोंडातून निघालं.

बाजूच्या बाई पुढे वाकल्या आणि मायेनं म्हणाल्या, "खरं सांग बाई. आमच्या इथी अशा पोरी येतात. आम्ही ठेवून घेतो. मग सासरचे लोक मागून येतात आन दारात तमाशा करतात. आम्हाले तो त्रास नाई पाहिजे."

एवढा वेळ त्या माझ्याकडे दयेनं का पाहत होत्या ते मला तेव्हा कळलं. एका वाक्यानं मला नवरा मिळाला होता, सासर मिळालं होतं, सासरी मार मिळाला होता आणि तिथून हाकलूनही झालं होतं. मी कागद मागून घेतला आणि निघाले. त्या बाईंनी दारापर्यंत येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला सगळ्यात जास्त लागला.

चंद्रपूरहून मूलकडे येणारी बस बराच वेळ जंगलातून येते. खिडकीशी बसून मी तो अर्ज पुन्हा वाचला. मी रडले नाही. मला राग आला होता, आणि राग आला की माझं डोकं साफ चालतं. माझ्या हाडाचं दुखणं माझं होतं. ते लपवून मी त्यांना जे दिलं ते त्यांनी स्वतःच्या मनानं भरून काढलं, आणि त्यांनी भरलेलं माझ्या दुखण्यापेक्षा वाईट निघालं. लपवायचंच असेल तर निदान लपवून काही फायदा तरी व्हायला हवा होता.

घरी आले तेव्हा माय सुपात लाखोळीची डाळ निवडत बसली होती आणि बहीण बाजूला होती. मी चप्पल काढायच्या आधीच सांगितलं, की यापुढं अर्जात सिकलसेल असंच लिहिणार.

माय म्हणाली, "काऊन लिहायचं?"

"काऊन म्हणजे, खरं हाये म्हणून."

"तुहा बाप पोस्टात हाये. कागद कुठी कुठी जाते ते मले मालूम हाये. एकानं वाचला का धा जनाईले मालूम होते."

"होऊ दे."

"मी तुह्यासाठी नाई बोलून राह्यली," माय म्हणाली. तिचे हात सुपात थांबले. "लहानीले पाहाले लोक येऊन राह्यले आता. घरात लाल कार्ड हाये म्हटलं तं कोन येईन?"

याला उत्तर बहिणीनं दिलं.

"माहं पिवळं हाये ते मी कोनापासून लपवून नाई राह्यली," ती म्हणाली. "ताई, तू लिही."

माय सूप घेऊन उठली आणि मागच्या अंगणात गेली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मला पाणी सतत प्यावं लागतं, कमी पडलं की दुखणं उठतं. त्या दोन्ही दिवशी सकाळी माझी बाटली भरून उशाशी ठेवलेली होती.

बाबा त्या संध्याकाळी टपाल बांधत होते. त्यांच्या कानावर सगळं गेलंच होतं. ते म्हणाले, "लिहायचं तं लिही. पन रडून नको लिहू. म्या इतके वर्स लोकाईचे अर्ज पाहून राह्यलो. मी गरीब आहे, माझ्यावर दया करा. तशा अर्जाले दया भेटते कधीमधी. काम नाई भेटत."

दुसऱ्या दिवशी दुपारी, पोस्ट बंद झाल्यावर, मी त्यांच्या टेबलावर बसून लिहिलं. चार पानं झाली. पहिल्यांदा दुखणं उठलं तेव्हा मी किती वर्षांची होते, शाळेत बाई काय म्हणाल्या, बारावीचा पेपर कसा बुडाला, नागपूरच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर कोण होतं, सगळं त्यात आलं. लिहून फार हलकं वाटलं. सकाळी वाचलं तर बाबा म्हणाले होते तेच झालं होतं. चारही पानं रडत होती.

मग मी कापायला बसले. आधी "दुर्दैवाने" काढलं. मग "ग्रस्त". "सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा" ही ओळ काढताना हात अडला, कारण ती ओळ लिहिली नाही तर आपण उर्मट आहोत असं वाटतं. पण काढली. सगळ्यात जास्त वेळ एका साध्या शब्दापाशी गेला. मी लिहिलं होतं, "आजार असूनही मी रक्त काढण्यात तरबेज आहे." हे "असूनही" कुठून आलं? लहानपणापासून मला शेकडो सुया टोचल्या गेल्या. कोणाचा हात हलका, कोणाचा जड, नस हातात सापडत नसेल तर कुठं शोधायची, हे मी माझ्या कातडीवर शिकले. "असूनही" खोडून "असल्यामुळे" लिहिलं आणि वाक्य आपोआप सरळ उभं राहिलं.

चार पानांचं शेवटी असं झालं:

"आपल्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाच्या जागेसाठी मी अर्ज करत आहे. चंद्रपूर येथील प्रयोगशाळेत मी एक वर्ष काम केले. लहान मुलांचे आणि नस न सापडणाऱ्या रुग्णांचे रक्त काढण्याचे काम तिथे माझ्याकडे येत असे.

मला सिकलसेल आजार आहे. त्यामुळे माझ्या उजव्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली आणि चौदा महिने मी काम केले नाही. आता मी चालते आणि जिने चढते. दिवसभर उभी राहू शकत नाही, त्यामुळे मला उंच स्टूल लागेल. वर्षातून काही दिवस दुखणे येते, तेव्हा रजा लागेल. ती कधी लागेल हे आधी सांगता येत नाही. बाकीचे दिवस मी वेळेवर येईन.

आपल्याकडे सिकलसेलची तपासणी होते. हा आजार असल्यामुळे सुई टोचून घेणाऱ्याची बाजू मला माहीत आहे. लाल कार्ड पहिल्यांदा हातात घेणाऱ्या आईशी काय बोलायचे, हे मला शिकवावे लागणार नाही.

भेटीस बोलावल्यास मी रक्त काढून स्लाइड करून दाखवीन."

मूलच्या भाऊंनी ते टाइप करता करता दोनदा माझ्याकडे पाहिलं. "बाई, असं कोनी नाई लिहीत."

"मी लिहून राह्यली ना."

"खाली 'आपली विश्वासू' तं लिहू?"

"लिहा. ते खरं आहे."

पाठवायच्या आधी मी फोटो काढून वर्गातल्या मॅडमना पाठवला. तासाभरानं त्यांचं उत्तर आलं: धाडस आहे, पण फार वैयक्तिक झालंय. निदान स्टूलची ओळ काढ. तू अटी घालतेयस असं वाटतं.

मी लिहिलं, "मॅडम, अटीच घालते आहे."

 त्यावर त्यांचं आलं: "मग राहू दे. आणि त्यात कुठे 'कृपया' घालू नकोस."

त्या मॅडमबद्दल माझ्या मनात जे काही साचलं होतं ते त्या एका ओळीनं गेलं.

मी सात ठिकाणी पत्र पाठवलं. प्रत्येक ठिकाणी शेवटून दुसरा परिच्छेद बदलला, कारण प्रत्येक जागा वेगळी होती. तीनेक आठवड्यांनी एका लॅबमधून फोन आला. माणसाचा आवाज होता, नाव सांगितलं नाही.

"मॅडम, असं लिहायचं नसते. आम्ही काऊन रिस्क घ्यावी?"

मी म्हटलं, "मी सांगितलं म्हणून तुम्हाले माहीत झालं. तुमच्या लॅबमध्ये आत्ता जे काम करून राह्यले, त्याईले काय काय हाये ते तुम्हाले माहीत हाये का?"

त्यांनी फोन ठेवला. मला वाईट वाटलं नाही. इतक्या अर्जांत पहिल्यांदाच कोणीतरी माझं पत्र शेवटपर्यंत वाचून फोन केला होता, मग तो नाही म्हणायला का असेना.

याच दिवसांत बहिणीला पाहायला सिंदेवाहीकडचे लोक यायचे ठरले. मुलगा आयटीआय झालेला, त्याचे आईवडील आणि मोठे काका. आदल्या दिवशी माय माझ्याजवळ आली आणि दुसरीकडे पाहत म्हणाली, "उद्या तू मावशीकडे जाशीन का?"

माझी चाल दिसली तर प्रश्न येतील, हे तिला म्हणायचं होतं. मी म्हटलं, "नाही जाणार." मला वाटलं आता भांडण होईल. पण बहीण आतूनच म्हणाली, "ताई गेली तं मी बी जातो तिच्यासंगं." 

दुसऱ्या दिवशी सगळे बसले. पोहे आले, चहा यायचा होता. काकांनी बहिणीला शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला. मग म्हणाले, "तुले काही विचारायचं असन तं विचार."

त्यांना वाटलं असेल ती मान खाली घालून नाही म्हणेल. तिनं थेट मुलाला विचारलं, "तुमची सिकलसेलची तपासणी झाली का? माहं पिवळं कार्ड हाये. तुमचंही पिवळंच असलं तं आपल्या लेकराईले लाल होऊ शकते. माह्या ताईचं लाल हाये. ही बसली ना, ही माही ताई."

मुलगा गोंधळून वडिलांकडे पाहू लागला. काकांनी पोह्यांची प्लेट खाली ठेवली.

"पोरीच्या जातीनं असं विचारते का कोनी?"

बाबा म्हणाले, "तुमीच विचार म्हटलं भाऊ."

ते लोक चहा न घेता गेले. जाता जाता मुलाच्या आईनं दारात थांबून बहिणीला हळूच विचारलं, "ते तपासणी कुठी होते?" बहिणीनं सांगितलं. पुढे त्यांनी केली की नाही आम्हाला कळलं नाही.

माय प्लेटी गोळा करत होती. एकाही प्लेटीतले पोहे संपले नव्हते. मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर आम्हा दोघींना बोलेल. ती सगळे पोहे परत कढईत घालून घेऊन आली आणि आमच्यात बसली. "गरम करून आणले," म्हणाली, "खा." आम्ही चौघं खात होतो. मध्येच ती मला म्हणाली, "ते पत्र वाचून दाखव मले."

तिनं ते ऐकलंच नव्हतं. मी आतून कागद आणला आणि वाचला. पुस्तकी मराठीत लिहिलेलं, तिच्यासमोर वाचताना मला ते जरा परकं वाटलं. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

"दुखते ते लय कमी लिहिलं तू."

"तेवढंच लिहायचं होतं."

 मग म्हणाली, "ते आईशी काय बोलायचं म्हणून लिहिलं ना तू. ते बराबर लिहिलं. मले तवा कोनी काही नाई बोललं. बाईनं कार्ड हातात देल्लं आन म्हणे, चला, पुढचा नंबर."

मला तोवर हे माहीत नव्हतं. माझ्या कार्डाचा तो दिवस मला आठवतो, पण मला आठवते ती दवाखान्याबाहेर घेतलेली बर्फाची कांडी. मायला काय झालं असेल, हे मी कधी विचारलंच नव्हतं. पत्रातली ती ओळ मी माझ्या हुशारीवर लिहिली आहे असं मला वाटत होतं.

त्यानंतर दहाबारा दिवसांनी वैनगंगेपलीकडून, गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून बोलावणं आलं. एका ट्रस्टचा छोटा दवाखाना होता. मी सकाळच्या बसनं गेले. खोलीत दोघं होते: पन्नाशीच्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर बाई आणि दवाखान्याचा कारभार पाहणारे एक सर. डॉक्टर बाईंच्या पुढ्यात माझं पत्र होतं. त्यावर पेनानं दोन ठिकाणी खुणा केल्या होत्या.

सर म्हणाले, "आम्ही विचार केला. तुम्हाला त्रास होऊ नये असं वाटतं. नोंदणीच्या खिडकीवर जागा आहे. बसून काम. कूलर आहे. स्टूलचाही प्रश्न येणार नाही."

ते चांगल्या मनानं बोलत होते हे दिसत होतं. मला चंद्रपूरच्या बाईंचा पाठीवरचा हात आठवला.

"मी खिडकीसाठी अर्ज नाही केला, सर. लॅबसाठी केला आहे. स्लाइड करून दाखवीन असं लिहिलं आहे. अजून कोणी दाखव म्हटलं नाही."

डॉक्टर बाई उठल्या. "चल," म्हणाल्या.

लॅबमध्ये एक म्हातारी बसली होती, जंगलातल्या गावाहून आलेली. तिथल्या टेक्निशियनची दोनदा सुई टोचून झाली होती आणि रक्त आलं नव्हतं. म्हातारी हात पदराखाली लपवून गोंडीत काहीतरी बोलत होती. मला गोंडी येत नाही. मी तिच्यासमोर बसले, माझी बाही वर केली आणि माझ्या हातावरचे जुने डाग दाखवले. तिनं ते बोटानं चाचपले. मग आपला हात पदराबाहेर काढला. मी गरम पाण्यात फडकं पिळून तिच्या मनगटावर ठेवलं, दोन मिनिटं थांबले आणि अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या जरा वर, एका बारीक नसेत सुई घातली. रक्त आलं. काचेवर थेंब घेतला, दुसऱ्या काचेनं ओढला. पातळ, जिभेसारखा, कडेला विरत जाणारा थर पडला.

डॉक्टर बाईंनी काच उजेडाकडे धरली. मग म्हणाल्या, "तुझं पत्र वाचून आधी मला राग आला होता. वाटलं, पोरगी भांडखोर असेल."

"आहे," मी म्हटलं.

त्या हसल्या. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "तुम्ही रजेवर असाल त्या दिवशी काम कोण करेल?"

"आत्ता ही जागा रिकामी आहे तर जो करतो, तोच करेल. तेवढेच दिवस."

परत खोलीत आलो. सर म्हणाले, सहा महिने तात्पुरतं ठेवू, मग बघू. मी विचारलं, "सगळ्यांना सहा महिनेच असतात का?"

ते डॉक्टर बाईंकडे पाहू लागले. "इतरांना तीन," डॉक्टर बाई म्हणाल्या.

"मग मलाही तीनच."

 सहा मान्य केले असते तरी नोकरी मिळालीच असती. पण सहा मान्य केले असते तर पुढची प्रत्येक गोष्ट मला इतरांपेक्षा दुप्पट द्यावी लागली असती. सर काही बोलणार होते, तेवढ्यात डॉक्टर बाई म्हणाल्या, "तीन."

मी कामाला लागले. दुसऱ्याच महिन्यात थंडी पडली आणि दुखणं उठलं. पाठीपासून गुडघ्यापर्यंत. त्याच दवाखान्यात, खालच्या वॉर्डात, मला पाच दिवस ठेवलं. माझं रक्त काढायला माझाच सहकारी आला, तोच, ज्याला म्हातारीची नस सापडली नव्हती. मी झोपल्या झोपल्या त्याला नस दाखवली. तो इतका घाबरला होता की मला दुखत असतानाही त्याची कीव आली. मी पाच दिवस एक गोष्ट ठरवून पाळली. भेटायला येणाऱ्या कोणालाही "सॉरी" म्हटलं नाही.

माय गावाहून सोबतीला आली होती. चौथ्या दिवशी सर वॉर्डात आले. मी डोळे मिटून होते, त्यांना वाटलं झोपली आहे. ते मायला हळू आवाजात म्हणाले, "बाई, कामाला लागून दोनच महिने झाले. हे असं पुन्हा पुन्हा होणार का?"

माय म्हणाली, "होईन. तिनं कागदात लिहिलं होतं. तुमी वाचलं नाई का, भाऊ?"

सर मग म्हणाले, "वाचलं होतं," आणि गेले.

सहाव्या दिवशी मी वर लॅबमध्ये गेले. तीन महिने पूर्ण झाले त्या आठवड्यात नेमणुकीचं पत्र हातात आलं. चार ओळींचं होतं, त्यात माझं पद होतं आणि कामाची वेळ. घरी नेलं तेव्हा बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "टपालानं धाडाले पाहिजे होतं त्याईनं. म्या आणून देल्लं असतं."